पहिली एन्ग्रेव्हिंग मशीन घेताय? आधी मटेरियल ठरवा, मग वॉट बघा

भांड्यांच्या दुकानात ताट किंवा तांब्या घेतला की दुकानदार विचारतो, "नाव काय घालायचं?" आणि हातातल्या छोट्या मशीनने खर्रर्र करत दोन मिनिटांत नाव घालून देतो. आता हेच काम कॉम्प्युटरला जोडलेली मशीन करते. आपण डिझाईनची फाईल द्यायची, मशीन ती लाकडावर, ॲक्रिलिकवर किंवा स्टीलवर कोरते. की-चेन, नेमप्लेट, ट्रॉफी, बाटल्या, रबरी शिक्के असा छोटा व्यवसाय यावर उभा राहू शकतो.

रील्स बघून वाटतं की हे सगळं एकाच मशीनवर होतं. तसं नसतं, आणि पहिल्या खरेदीत पैसे अडकतात ते इथेच. माझ्या मावसभावाने ऑनलाईन '४० वॉट' लिहिलेली लेझर मशीन मागवली, कारण त्याला पारदर्शक ॲक्रिलिकच्या की-चेनची ऑर्डर मिळाली होती. मशीन सुरू केली तर की-चेन जशीच्या तशी आणि खालच्या टेबलावर जळाल्याचा डाग! मशीन बिघडलेली नव्हती. ती त्या कामासाठी नव्हतीच.

असं का झालं?

लेझर म्हणजे एका ठराविक तरंगलांबीचा प्रकाश. मटेरियलने तो प्रकाश शोषला तरच ते जळतं किंवा कापलं जातं. पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार जातो, म्हणून निळा लेझर त्यावर चालत नाही. हे एकदा कळलं की मशीनचे प्रकार समजणं सोपं आहे.

१. डायोड लेझर (साधारण ४५० नॅनोमीटर, निळा प्रकाश): आकाराने लहान, सगळ्यात स्वस्त, घरच्या टेबलावर मावणारा. लाकूड, एमडीएफ, पुठ्ठा, चामडं, गडद रंगाचं ॲक्रिलिक आणि रंगाचा थर असलेल्या बाटल्या यांवर छान काम करतो. पारदर्शक ॲक्रिलिकवर नाही.

२. सीओटू लेझर (१०,६०० नॅनोमीटर): पारदर्शक ॲक्रिलिक कापायचं असेल तर हाच. लाकूड, काच, रबरी शिक्के यांनाही उत्तम. पण उघड्या धातूवर सहसा उमटत नाही. स्वस्त मशीनमध्ये काचेची ट्यूब असते आणि ती पाण्याने थंड ठेवावी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात साधं बादलीतलं पाणी पुरत नाही, म्हणून चिलरचा खर्च आधीच धरा. ट्यूबही कधीतरी बदलावी लागते.

३. फायबर लेझर (१,०६४ नॅनोमीटर): स्टील, पितळ, ॲल्युमिनियम म्हणजे धातूच्या कामासाठी. स्टीलच्या भांड्यावर काही सेकंदांत नाव येतं. लाकूड आणि पारदर्शक ॲक्रिलिकसाठी उपयोगाचा नाही. कामाची जागाही लहान असते. नेहमीच्या लेन्सवर साधारण ११० बाय ११० मिलिमीटर मिळते.

४. सीएनसी राउटर: यात लेझर नसतो, फिरणारं बिट मटेरियल खरवडतं. लाकडात खोल कोरीव अक्षरं हवी असतील तर हा घ्या. आवाज आणि भुसा मात्र भरपूर. '३०१८' नावाने मिळणाऱ्या छोट्या मशीनमध्ये कामाची जागा साधारण ३० बाय १८ सेंटीमीटर असते.

वॉटचा घोळ

जाहिरातीत लिहिलेले वॉट बऱ्याचदा मशीन किती वीज खाते त्याचे असतात. आपल्याला हवी ती ऑप्टिकल पॉवर, म्हणजे लेझरमधून प्रत्यक्ष बाहेर पडणारी ताकद. '४० वॉट' लिहिलेल्या डायोड मशीनची ऑप्टिकल पॉवर ५ वॉटच असू शकते. विक्रेत्याला थेट विचारा, "ऑप्टिकल आउटपुट किती?" उत्तर गोलमोल आलं तर ती मशीन सोडून द्या. फक्त नाव कोरायचं असेल तर ५ वॉटचा डायोड चालतो. ३ मिलिमीटर प्लायवूड रोज कापायचं असेल तर १० वॉट किंवा जास्त बघा.

मराठी अक्षरांची खास अडचण

हे इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. मशीनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाईप केलं की जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. म्हणून नाव इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा आणि मग सगळी अक्षरं 'युनियन' करून एक करा. युनियन केलं नाही तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे कोरी फट राहते किंवा दुहेरी रेघ उमटते. कापीव नेमप्लेट असेल तर अक्षरं चक्क सुटी होऊन पडतात. मोबाईल ॲपवरून छोटी कामं होतात, पण रोजच्या ऑर्डरसाठी साधा का होईना, लॅपटॉप लागेलच.

डोळे आणि फुप्फुसं आधी

उघडा लेझर डोळ्याला कायमची इजा करू शकतो. फायबरचा प्रकाश तर दिसतही नाही, त्यामुळे धोका कळायच्या आत नुकसान होतं. गॉगल त्या-त्या तरंगलांबीचाच हवा. डायोडचा गॉगल फायबरला चालेलच असं नाही. शक्यतो चारही बाजूंनी बंद असलेली मशीन घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पीव्हीसीवर लेझर कधीच चालवू नका. रेक्झिन, व्हिनाईल स्टिकर, फोम शीट यांत बऱ्याचदा पीव्हीसी असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराईड हा विषारी वायू निघतो. तो फुप्फुसांना इजा करतो आणि मशीनही गंजवतो. फोम शीटच्या पाट्या करायच्या असतील तर राउटर वापरा. धूर बाहेर काढणारा पंखा आणि हाताशी अग्निशामक असायलाच हवा. मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही.

पैशांचं गणित

समजा मशीन, गॉगल, पंखा मिळून ६०,००० रुपये लागले आणि एका की-चेनमागे सगळा खर्च जाऊन ४० रुपये उरले. म्हणजे पैसे वसूल व्हायला १,५०० की-चेन हव्यात. एकीला ४ मिनिटं धरली तर १०० तास फक्त मशीन चालण्याचे. डिझाईन, पॅकिंग, फोनवर बोलणं वेगळं. तुमचे आकडे टाकून हे गणित कर्ज काढण्याआधी करा. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज आहे, पण हप्ता ऑर्डर आली नाही तरी भरावाच लागतो.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या २० ऑर्डर जवळच्या ट्रॉफीवाल्याकडून किंवा लेझरवाल्याकडून जॉबवर्कवर करून घ्या. नफा कमी मिळेल, पण गिऱ्हाईक कोणतं मटेरियल मागतं ते कळेल. २० पैकी १५ ऑर्डर स्टीलच्या असतील तर फायबरसाठी पैसे जमवा. लाकडाच्या असतील तर डायोडवर भागेल.

पैसे देण्याआधी हे तपासा

- तुमचंच मटेरियल देऊन समोर किंवा व्हिडिओ कॉलवर चालवून दाखवायला सांगा.
- बाटल्या आणि ग्लास करायचे असतील तर ते फिरवणारा रोटरी जोड मिळतो का?
- लेन्स आणि इतर पार्ट भारतात मिळतात का? दुरुस्तीला कोण येणार?
- सॉफ्टवेअर मोफत आहे की वेगळं विकत घ्यायचं?
- जीएसटीचं पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी मिळते का?
- लाईट गेली तर अर्धवट काम बहुतेक वेळा वाया जातं. यूपीएसचा खर्च धरलाय का?

माझ्या मावसभावाने ती मशीन विकली नाही. की-चेनची ऑर्डर त्याने दुसऱ्याकडून करून दिली आणि स्वतः लाकडी नेमप्लेटकडे वळला. मशीन तीच आहे, फक्त आता तिला तिचं काम मिळालंय. तुम्ही हे खरेदीच्या आधी ठरवलंत तर मधले महिने वाचतील.