बाळाला घरी आणल्यावर आशाताईंच्या भेटी: सेवा नीट मिळतेय का, हे कसे ओळखावे?

प्रसूती दवाखान्यात झाली, सुटी मिळाली आणि बाळ घरी आले. नातेवाइकांना वाटते, धोका टळला. पण भारतात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी निम्म्याहून अधिक बालके जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतच दगावतात. म्हणून या काळात आशा स्वयंसेविका घरी येऊन बाळाला तपासते. या सरकारी कार्यक्रमाला एचबीएनसी म्हणतात, म्हणजे नवजात बाळाची घरच्या घरी काळजी. ही सेवा मोफत आहे.

भेट झाली म्हणजे सेवा मिळाली, असे मात्र नाही. भेटीत काय झाले, हे घरच्यांनी पाहायला हवे.

ही पद्धत आली कुठून?

यवतमाळप्रमाणेच विदर्भात असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांत हा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले. खेड्यातल्या बाईने घरात नवजात बाळाला इंजेक्शन देणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न तेव्हा होताच.

उत्तर आकड्यांनी दिले. प्रत्येक जन्म, आजार आणि मृत्यूची नोंद ठेवली गेली, नोंदींची पडताळणी झाली आणि ही सेवा नसलेल्या 47 गावांशी तुलना केली गेली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधील मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि 2011 पासून हा कार्यक्रम देशभर सुरू झाला. आज आशाताईंचे मुख्य काम धोका वेळेत ओळखणे आणि बाळाला रुग्णालयात पाठवणे हे आहे.

किती भेटी व्हायला हव्यात?

- दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर 6 भेटी: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी.
- घरी प्रसूती झाली असेल तर 7 भेटी: वरील सहा आणि पहिल्याच दिवशी एक.
- कमी वजनाच्या किंवा अतिदक्षता कक्षातून घरी आलेल्या बाळाकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

भेटीत काय दिसले पाहिजे?

- हात धुणे: बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले का?
- वजन: काट्यावर वजन केले का? नुसते पाहून "बाळ छान आहे" म्हणणे पुरेसे नाही. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते. त्यानंतर ते वाढत गेले पाहिजे.
- ताप: काखेत थर्मामीटर लावला का? 36.5 ते 37.5 अंश सेल्सियस हे योग्य तापमान आहे. बाळ थंड पडणे हेही तापाइतकेच धोक्याचे.
- श्वास: घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले का? 60 किंवा त्याहून जास्त श्वास असतील तर पुन्हा मोजावे लागतात.
- दूध: आई पाजत असताना पाहिले का?
- नाळ: ती कोरडी आहे का, हे पाहिले का? नाळेवर हळद, तेल, राख लावू नये, बाळाला घुटी किंवा मध देऊ नये, हे सांगणे आशाताईंच्या कामातच येते.
- आई: तिचा रक्तस्राव, ताप आणि स्तनांचा त्रास विचारला का?
- नोंद: हे सगळे तुमच्यासमोर लिहिले का? न तपासता भरलेला तक्ता धोक्याचा, कारण पुढे तो पाहणाऱ्या डॉक्टरांची दिशाभूल होते.

कधी थांबायचे नाही?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका:

- बाळ दूध ओढत नाही किंवा कमी पिते
- रडणे क्षीण झाले, हातपाय ढिले पडले
- झटके येतात
- श्वास जलद चालतो, छाती आत ओढली जाते
- अंग तापले किंवा गार पडले
- पोट फुगले, वारंवार उलटी होते
- नाळेतून पू येतो
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे होतात

लोहारा यवतमाळ शहराला लागूनच आहे. शहरात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 वर फोन करा. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे आणि ने-आण मोफत मिळते.

माहेरी बाळंतपण असेल तर?

भेटी सर्वाधिक इथेच सुटतात. सासरच्या आशाताईंना वाटते बाळ माहेरी आहे. माहेरच्या आशाताईंना बाळ आल्याचे कळलेलेच नसते. बाळ जिथे राहील तिथल्या आशाताईंना आधीच कळवा. गाव बदलताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि झालेल्या भेटी दाखवा.

भेट झालीच नाही किंवा अर्धवट झाली तर?

आधी आशाताईंनाच विचारा. एका आशाताईकडे साधारण हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असते. कधी वजनकाटा बिघडलेला असतो, थर्मामीटर बंद पडलेला असतो. तिला सर्व भेटी पूर्ण झाल्यावर मिळणारा मोबदलाही केवळ 250 रुपये आहे. तरीही काम झाले नाही तर गटप्रवर्तक, आरोग्यसेविका किंवा आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. "ताई येत नाहीत" एवढेच न म्हणता कोणत्या दिवसाची भेट झाली नाही आणि काय तपासले गेले नाही, ते सांगा. साधन बिघडलेले असेल तर तेही सांगा. त्याने आशाताईंचीही अडचण सुटते.

थोडक्यात: भेटींचे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रत्येक भेटीत वजन, तापमान आणि श्वास हे तीन आकडे मागा. आकडे मिळाले नाहीत, तर तपासणी अपुरी राहिली असे समजा.