टेलिफोनच्या पोटांतील इतिहास

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या दिवाणखान्यांत आपण गेलों म्हणजे नाणीं, घड्याळें व दिवे यांच्या जोडीला तेथें काळा, जड असा एक टेलिफोनहि मांडलेला पुष्कळदां दिसतो. हा किती सालचा, असें विचारावें तर यजमान त्याच्या आकाराकडे बोट दाखवून एखादें साल सांगून मोकळे होतात. नाण्याच्या बाबतींत ही रीत चालून जाते; कारण टांकसाळींतून नाणें जसें बाहेर पडलें तसेंच तें आपल्या हातीं येतें, थोडें झिजलें असेल इतकेंच. टेलिफोनचें तसें नाहीं. एकाच यंत्राच्या पोटांत निरनिराळ्या तीन चार वर्षांचे ठसे सुखानें नांदत असतात. असें कां व्हावें, आणि तें ओळखावें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास आपल्या शोधाचें पेटंट ७ मार्च १८७६ रोजीं मिळालें. त्यानंतर सहा वर्षें होतात न होतात तोंच, २८ जानेवारी १८८२ रोजीं, कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील टेलिफोन-केंद्रें रीतसर उघडलीं गेलीं. हा धंदा प्रथम खासगी कंपन्यांचा होता; या तीन शहरांतील कंपन्या सरकारनें १९४३ सालीं आपल्याकडे घेतल्या. परंतु मालक कंपनी असो कीं सरकार असो, एक गोष्ट बहुतेक सर्व देशांत सारखीच होती. टेलिफोनचें यंत्र ग्राहकास विकत मिळत नसे; तें त्याच्या घरीं केवळ भाड्यानें येई. इंग्लंडांत तें पोस्टखात्याचें असे. अमेरिकेंत तर यंत्राच्या बुडावर, ही बेल कंपनीची मालमत्ता असून विक्रीसाठीं नाहीं, अशा अर्थाचे शब्दच उमटविलेले असत. तेथील त्या अवाढव्य संस्थेची वांटणी १ जानेवारी १९८४ रोजीं झाली, त्या सुमारास यंत्र उजळ माथ्यानें घरचें होऊं लागलें.

या भाड्याच्या व्यवहारांतच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. ग्राहकानें घर सोडलें कीं यंत्र कारखान्यांत परत जाई. तेथें तें सुटें करीत, धूत, पुसत, आणि जे भाग चांगले निघतील ते दुसऱ्या यंत्रांच्या चांगल्या भागांशीं जोडून पुन्हा एक धड यंत्र तयार करीत. बूड एका सालचें, घंटा दुसऱ्या सालची, डायल तिसऱ्या सालची, अशी ही घडण असे. तो दोष नव्हे. तीच त्या यंत्राची खरी जीवनकथा होय.

हें मला पूर्वीं ठाऊक नव्हतें, आणि त्या अज्ञानापायीं मीं एक चूक केली. परदेशांतून परतलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मला वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यांतील, ५०० या क्रमांकाचा टेलिफोन आणून दिला. बुडावर १९५४ चा ठसा होता व डायलवर १९५७ चा. कोणीतरी अडाण्यानें डायल बदलली असें मीं ठरविलें, दुसऱ्या एका संग्राहकाकडून १९५४ ची डायल अदलाबदलीनें मिळविली, आणि सगळें कसें एका सालचें झालें म्हणून समाधान मानलें. पुढें एकदां बूड उन्हांत धरलें तेव्हां जुन्या ठशाशेजारींच पुसट शाईचा दुसरा ठसा दिसला. तो १९५७ चा, दुरुस्तीचा होता. जी डायल मीं परकी म्हणून काढून टाकली तीच कारखान्यानें बसविलेली होती! ती आतां कोणाकडे आहे कोण जाणे. तेव्हांपासून, सर्व भागांचें साल जुळवून देणाऱ्या हौशी मंडळींचें कौतुक माझ्यानें होत नाहीं.

बाह्यांग किती फसवें असतें याचें उत्तम उदाहरण इंग्रजी पोस्टखात्याचें आहे. बेकेलाइटचा, त्रिकोणी उतरणीचा १६२ क्रमांकाचा टेलिफोन १९२९ सालीं निघाला आणि २३२ क्रमांकाचा १९३४ सालीं. दोन्ही शेजारीं ठेवले तर जुळे भाऊच. भेद आहे तो पोटांत. १६२ मध्यें इंडक्शन कॉइल नसे; ती घंटेच्या वेगळ्या पेटींत, भिंतीवर असे. शिवाय बोलणाऱ्यास स्वतःचाच आवाज कानांत मोठ्यानें ऐकूं येई, त्यामुळें तो नकळत हळू बोले आणि पलीकडच्याला नीट ऐकूं येत नसे. २३२ मध्यें निराळ्या गुंडाळणीची कॉइल यंत्राच्या बुडांतच घालून हा दोष पुष्कळ कमी केला. म्हणून बूड उघडून कॉइल पाहिल्यावांचून यांपैकीं कोणता तें छातीठोकपणें सांगूं नये. १९३७ च्या ३३२ मध्यें घंटाहि आंत आली. त्याचा आकार मूळ एरिक्सन कंपनीचा, नॉर्वेच्या झां हायबर्ग या कलावंतानें घडविलेला. आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांतून दिसणारा काळा टेलिफोन याच वळणाचा.

डायलवरील अक्षरेंहि बरेंच सांगतात. इंग्रजी डायलवर ओ हें अक्षर शून्याच्या भोंकापाशीं असतें, तर अमेरिकन डायलवर तें सहाच्या घरांत एम आणि एन यांच्या सोबत असतें. न्यूझीलंडची डायल तर उलट्या क्रमाची. तेथें नऊ फिरविलें असतां विद्युत्प्रवाह एकदांच तुटे आणि एक फिरविलें असतां नऊ वेळां.

पितळेचा उंच, दीपस्तंभासारखा चकचकीत टेलिफोन बाजारांत दिसला तर मात्र सावध असावें. असे पुष्कळसे नग शोभेसाठीं हल्लींच घडविलेले असतात. खरें यंत्र पुष्कळदां काळ्या रंगाचें असे. नवा नग उलटा करून पाहिला तर खालीं ठसा नाहीं, आंत कापडी वेष्टणाच्या तारा नाहींत, आणि स्क्रूंचे माथे कालच्यासारखे कोरे.

आतां भिंतीकडे वळूं. कारण माझ्या मतें खरा ऐवज तेथेंच आहे. कंपनीचा माणूस यंत्र घेऊन जाई, पण भिंतीवर ठोकलेला तारांचा लहानसा ठोकळा क्षुल्लक म्हणून तेथेंच राही. अमेरिकन घरांतील ४२ ए नांवाचा असाच एक ठोकळा घ्या. त्यांत चार स्क्रू. तांबडी व हिरवी तार बोलण्याची, आणि पिवळी घंटेची. केंद्रांतून येणारा सुमारे ५० व्होल्टचा सरळ प्रवाह घंटेंतून सारखा वाहूं नये म्हणून तिच्या मार्गांत कंडेन्सर असतो. घंटा वाजविणारा उलटसुलट प्रवाह तेवढा त्यांतून पलीकडे जातो. मग घंटेला निराळी पिवळी तार कशाला? तर एकाच वाहिनीवर अनेक घरें जोडलेलीं असत, आणि एकाची घंटा वाजतांना शेजाऱ्याची वाजूं नये म्हणून ती वाहिनीची एक तार व जमीन यांच्यामध्यें जोडीत. घरास स्वतंत्र वाहिनी मिळाली म्हणजे ठोकळ्यांत पिवळी तार हिरवीला बांधून टाकीत. म्हणजे पिवळी तार नळाकडे किंवा जमिनीकडे गेलेली असेल तर ओळखावें कीं, या घरचें बोलणें शेजारच्या घरीं कान लावून ऐकतां येत होतें. आणि ती हिरवीशीं बांधलेली असेल तर तें कुटुंब केव्हांतरी त्या भागीदारींतून सुटलें. एवढा संसार एका स्क्रूखालीं दडलेला असतो!

संग्राहक हें जाणत नाहीं तेव्हां काय करतो? घंटा वाजत नाहीं म्हणून यंत्र बिघडलें समजतो. किंवा ठोकळा घासूनपुसून, तारा कापून, फळीवर मांडतो. आज अनेक देशांत तांब्याच्या वाहिन्या काढून कांचतंतू घालण्याचें काम चाललें आहे, आणि रंगारी तर भिंतीवर आलेला ठोकळा आधीं उपटतो. म्हणून माझी विनंती एवढीच कीं, आपल्या जुन्या वाड्यांत किंवा बिऱ्हाडांत असा ठोकळा दिसला, तर तो सोडविण्यापूर्वीं झांकण काढावें, कोणत्या रंगाची तार कोणत्या स्क्रूखालीं आहे तें कागदावर लिहून घ्यावें, जमल्यास छायाचित्र काढावें, आणि तो कागद झांकणाच्या आंतल्या बाजूस ठेवून मगच स्क्रूला हात लावावा.