फुटीची परंपरा

युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी १८ एप्रिल २०२१ रोजी 'युरोपियन सुपर लीग'ची घोषणा केली. संस्थापक क्लबांचे स्थान तीत कायमचे राखीव होते. कितीही हरले तरी घसरण नाही. इंग्लंडात चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तेथील सहाही क्लबांनी माघार घेतली. लोभ हरला, असे सर्वत्र लिहिले गेले. इतिहास मात्र इतका सुखान्त नाही.

विल्यम मॅक्ग्रेगर या कापडव्यापाऱ्याच्या पुढाकाराने १८८८ साली इंग्लंडात फुटबॉल लीग स्थापन झाली, तीही बारा क्लबांची. २०२१च्या सहा इंग्लिश 'संस्थापकां'पैकी त्या बारांत एकही नव्हता. हे सहाही कधी ना कधी दुसऱ्या विभागातून वर चढलेले. आता त्यांना तीच शिडी काढून घ्यायची होती.

परंतु चाहत्यांनी जिचा कैवार घेतला, ती प्रीमियर लीग तरी कशी जन्मली? १९९२ साली पहिल्या विभागातील क्लब दूरचित्रवाणीच्या पैशासाठी फुटबॉल लीगमधून एकगठ्ठा बाहेर पडले, तेव्हा. पुढे १९९८ मध्ये वेगळ्या युरोपीय लीगची योजना पुढे येताच युएफाने नमते घेतले. १९५५ पासून मुख्यतः राष्ट्रीय विजेत्यांची असलेली स्पर्धा आधीच सैल होऊ लागली होती. १९९९ पासून बड्या देशांच्या चार-चार क्लबांना तीत प्रवेश मिळू लागला.

म्हणून २०२१चा निकाल आम्हांला निर्णायक विजय वाटत नाही. एकदम आलेली फूट लोकांनी ओळखली; हप्त्याहप्त्याने आलेली मात्र परंपरा म्हणून नांदते आहे.