फर्नांडो वुड आणि न्यूयॉर्कच्या स्वायत्ततेचा प्रश्न

दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडल्यानंतर, जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फर्नांडो वुड यांनी आपल्या नगरानेही स्वतंत्र व्हावे, अशी सूचना नगरसभेपुढे मांडली. दक्षिणेशी चालणाऱ्या कापसाच्या व्यापारातच या सूचनेचे मूळ आहे, असे सामान्यतः मानले जाते. हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. त्या संदेशातील तक्रारीचा रोख मुख्यतः वॉशिंग्टनवर नसून ऑल्बनी येथील राज्य विधिमंडळावर होता. आणि त्या तक्रारीचा उगम १८५७ सालात आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड १८५५ मध्ये प्रथम महापौर झाले. त्यांनी पोलीसदल पक्षकार्यास जुंपले, हा आक्षेप निराधार नव्हता. १८५७ मध्ये रिपब्लिकनांच्या वर्चस्वाखालील विधिमंडळाने ते दल बरखास्त करून राज्यनियुक्त आयुक्तांच्या हाती नवे दल दिले, आणि सनद बदलून महापौरांची मुदतही एका वर्षाने घटविली. वुड यांनी जुने दल मोडण्यास नकार दिला. १६ जून रोजी नगरभवनाच्या पायऱ्यांवर दोन्ही दलांत हाणामारी होऊन लष्करी पलटण मध्ये पडली. जुलैत उच्चतम राज्य न्यायालयाने नवा कायदा वैध ठरविला, तेव्हा वुड नमले. त्याच वर्षीच्या आर्थिक अरिष्टात बेकारांना सार्वजनिक कामे देऊन मजुरीचा काही भाग पीठ व बटाटे यांच्या रूपाने द्यावा, ही त्यांची योजनाही फलद्रूप झाली नाही. डिसेंबरात ते पराभूत झाले. १८६० मध्ये मात्र पुन्हा महापौरपदी आले.

म्हणजे १८६१ ची सूचना ही केवळ लहर नव्हती. हिरावलेल्या सनदेचे शल्य तीत होते. तथापि तिला अनुयायी लाभले नाहीत, आणि एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर हल्ला होताच वुड यांनी स्वतःच संघाचा पक्ष घेतला.

त्यांच्या स्वातंत्र्यकल्पनेची खरी कसोटी पुढे काँग्रेसमध्ये लागली. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. वुड विरोधकांत होते. पुढे १८७७ पासून १८८१ मधील मृत्यूपर्यंत ते करविषयक समितीचे अध्यक्ष राहिले. नगरावरील बाह्य सत्तेचा जाच ज्यांना इतका असह्य झाला, त्यांना माणसावरील माणसाची मालकी असह्य वाटली नाही. स्थानिक स्वायत्ततेचा पुरस्कार व्यक्तिस्वातंत्र्याच्या पुरस्काराहून किती भिन्न असू शकतो, हे या चरित्रावरून स्पष्ट होते.