पालकांच्या निधनानंतर मुलांचे कॉलेज : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी उपयुक्त माहिती



परदेशातल्या मराठी घरात कुणी गेले की पहिले दोन आठवडे आपली माणसे धावून येतात. जेवणाचे डबे येतात, नातेवाईकांना विमानतळावरून कुणीतरी घेऊन येते, दिवसकार्यासाठी गुरुजी शोधले जातात. तेरावा झाला की सगळे आपापल्या कामाला लागतात. नेमके तेव्हाच कॉलेजातल्या मुलापुढे प्रश्न उभे राहतात. फी कुठून भरायची? ही टर्म सोडायची का? व्हिसाचे काय? मग "शिक्षण पुरे, आता नोकरीच बघतो" असे तो कुणाला न विचारता ठरवून टाकतो.

बहुतेक वेळा असे करायची गरज नसते. मदतीचे मार्ग आहेत, पण त्यातल्या बऱ्याच मार्गांना मुदत आहे. घरची अडचण बाहेर सांगायची नाही, ही आपली जुनी सवय. इथे मात्र न सांगितल्यानेच नुकसान होते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

१. कॉलेजला लगेच कळवा

प्रत्येक प्राध्यापकाला वेगळे पत्र लिहीत बसू नका. बहुतेक कॉलेजांत 'डीन ऑफ स्टुडंट्स'चे कार्यालय असते. तिथे एक ई-मेल केली की ते सर्व प्राध्यापकांना कळवू शकतात. त्यांना पुढील गोष्टी विचारा:

- परीक्षा पुढे ढकलता येईल का? 'इन्कम्प्लीट' शेरा घेऊन राहिलेले काम नंतर पूर्ण करता येईल का?
- 'लीव्ह ऑफ ॲबसेन्स' किती काळ मिळते? परतल्यावर जागा आणि शिष्यवृत्ती कायम राहते का?
- तातडीच्या मदतीसाठी कॉलेजचा निधी आहे का? विमानाच्या तिकिटासाठीही काही ठिकाणी असा निधी मिळतो.

टर्म मध्येच सोडण्याआधी फायनान्शियल एड कार्यालयाशी जरूर बोला. टर्मचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी सगळे विषय सोडले, तर सरकारी मदतीचा काही भाग परत करावा लागतो.

२. सोशल सिक्युरिटी : ही दानधर्माची मदत नव्हे

वडिलांनी किंवा आईने इथे नोकरी केली असेल, तर त्यांच्या प्रत्येक पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला गेलेला असतो. त्या कमाईवर अविवाहित मुलांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा रक्कम मिळू शकते. मूल तेव्हा हायस्कूलमध्ये पूर्णवेळ शिकत असेल, तर ही मुदत हायस्कूल संपेपर्यंत वाढते, जास्तीत जास्त १९ वर्षे २ महिन्यांपर्यंत. ही रक्कम पालकाच्या मूळ लाभाच्या ७५ टक्क्यांपर्यंत असते. मात्र एका कुटुंबाला मिळणाऱ्या एकूण रकमेवर मर्यादा आहे.

पूर्वी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हा लाभ २२ वर्षांपर्यंत मिळत असे. १९८१ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. म्हणून हायस्कूलमध्ये असतानाच अर्ज करणे महत्त्वाचे. मागच्या काळाचे पैसे साधारण सहा महिन्यांपर्यंतचेच मिळतात. उशीर केला तर त्याआधीचे महिने हातचे जातात.

पालकाने फार वर्षे नोकरी केली नव्हती, म्हणून गप्प बसू नका. मृत्यूपूर्वीच्या तीन वर्षांत दीड वर्षाचे काम झाले असले, तरी मुलांना लाभ मिळू शकतो. एच-१बी वर काम केलेल्यांचाही कर कापला गेलेला असतो, त्यामुळे त्यांच्या मुलांसाठीही चौकशी करा. अर्जासाठी फोन करून किंवा प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन बोलावे लागते.

३. फाफ्सा आणि फायनान्शियल एड

सरकारी मदतीचा हा अर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि इतर काही ठरावीक गटांसाठी आहे. एफ-१ किंवा एच-४ वरील मुलांना ही मदत मिळत नाही. अर्ज भरताना पुढील मुद्दे लक्षात ठेवा:

- आई-वडिलांपैकी एक गेले असतील, तर हयात असलेल्या पालकाचीच माहिती द्यायची.
- मूल १३ वर्षांचे झाल्यानंतर कधीही त्याचे दोन्ही पालक हयात नसतील, तर ते मूल 'इंडिपेंडंट' धरले जाते. काका, मामा किंवा आजी-आजोबांनी सांभाळले, तरी दत्तक घेतलेले नसल्यास त्यांचे उत्पन्न दाखवायचे नसते.
- अर्जात दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न धरतात. २०२६-२७ च्या अर्जासाठी २०२४ चे. समजा, वडील २०२५ मध्ये गेले. २०२४ चे टॅक्स रिटर्न दोघांचे एकत्र असते आणि त्यात वडिलांचा पगारही असतो. तो कसा वगळायचा, हे कॉलेजला विचारा. आईचे स्वतःचे उत्पन्नही घटले असेल, तर 'प्रोफेशनल जजमेंट'ची मागणी करा. मृत्यूचा दाखला आणि सध्याच्या उत्पन्नाचे कागद पाहून मदत वाढवण्याचा अधिकार एड कार्यालयाला असतो, पण मागितल्याशिवाय ते होत नाही.
- विम्याचे पैसे घाईने मुलाच्या नावावर ठेवू नका. अर्जाच्या हिशेबात मुलाच्या नावावरील बचतीचा २० टक्के भाग फीसाठी उपलब्ध धरला जातो, पालकाच्या बचतीचा मात्र जास्तीत जास्त ५.६४ टक्के.

पालकाने मुलासाठी सरकारी 'पॅरेंट प्लस' कर्ज घेतले असेल, तर त्या पालकाच्या मृत्यूनंतर ते माफ होते. त्यासाठी मृत्यूचा दाखला पाठवावा लागतो. खासगी कर्जाचे नियम प्रत्येक बँकेचे निराळे असतात. आधी करारनामा वाचा, मगच पैसे भरा.

४. विद्यार्थी इथे एफ-१ वर, पालक भारतात

भारतातून फोन आला की पहिला विचार विमानाचा असतो. तरीही निघण्यापूर्वी अर्धा तास काढून इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला कळवा.

- आय-२० वरची प्रवासाची सही एक वर्ष चालते, ओपीटीवर असल्यास सहा महिने.
- पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल, तर परतण्यापूर्वी नवा घ्यावा लागेल. तेवढा वेळ हाताशी ठेवा.
- टर्म सोडून जायचे असेल, तर आधी त्या कार्यालयाची परवानगी घ्या. न विचारता विषय सोडल्यास स्टेटस जाते. पाच महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिल्यास सहसा नवा आय-२० लागतो.
- दुःखाने तब्येत ढासळली असेल, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रावर कमी विषय घेण्याची परवानगी मिळू शकते. एका पदवीच्या काळात ही सवलत एकूण १२ महिन्यांपर्यंत असते.
- फी भरणारे वडीलच गेले असतील, तर 'गंभीर आर्थिक अडचण' या कारणाखाली कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. त्यासाठी एफ-१ वर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले हवे. टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. परवाना हातात येण्यापूर्वी कॅम्पसबाहेर एक तासही काम करू नका.

भारतातल्या शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार असतात. कर्जासोबत विमा काढला होता का, हे बँकेला लेखी विचारा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती तेव्हाच घेऊन ठेवा.

५. एच-४ वरील मुले

एच-४ चे स्टेटस एच-१बी धारकावर अवलंबून असते. तो गेला की कुटुंबाच्या इथे राहण्याचा आधारच जातो. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या पत्नीपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता. म्हणून पहिल्याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. कॉलेजच्या मुलासाठी एफ-१ वर जाणे हा एक मार्ग असतो. ग्रीन कार्डची पिटिशन मृत्यूपूर्वी दाखल झाली असेल, तर २००९ मध्ये आलेल्या कलम २०४-एलबद्दल वकिलाला मुद्दाम विचारा. काही अटींवर ती प्रक्रिया मुलांसाठी आणि जोडीदारासाठी पुढे चालू राहू शकते. मृत्यूच्या वेळी अर्जदार अमेरिकेत राहत असणे आणि पुढेही इथेच राहणे, ही त्यातली मुख्य अट आहे. वकिलाशी बोलण्याआधी घाईने घर आवरून भारतात परतलात, तर हा मार्ग बंद होऊ शकतो.

६. मनाची काळजी

आपल्या घरांत मोठ्या मुलाला किंवा मुलीला लगेच सांगतात, "आता तूच घरचा आधार." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर त्या वाक्याचे ओझे फार होते. त्याऐवजी "फीचे कागद आपण दोघे मिळून बघू" असे म्हणा. बहुतेक कॉलेजांत समुपदेशन केंद्र असते. मनात टोकाचे विचार येत असतील, तर अमेरिकेत कुठूनही ९८८ या क्रमांकावर फोन किंवा टेक्स्ट करता येतो. पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस आणि पदवीदान समारंभ हे दिवस विशेष जड जातात. तेव्हा आठवणीने फोन करा.

७. प्रत्येक घराने आज करून ठेवायची कामे

- ४०१-के, विमा आणि बँक खात्यांवरील लाभार्थींची नावे तपासा. लग्नापूर्वी भरलेली नावे तशीच राहून गेलेली असतात.
- ५२९ खात्यावर आपल्यानंतरच्या मालकाचे नाव नोंदवा.
- इच्छापत्र करा आणि लहान मुलांचे पालकत्व कुणाकडे जावे हे त्यात लिहा. भारतातली आत्या किंवा मावशी इथल्या कायद्याने आपोआप पालक होत नाही.
- सगळ्या कागदांची यादी एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल कुठे आहे हे मुलांना सांगा.

नियम बदलत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी संबंधित कार्यालय किंवा वकिलाकडून खात्री करून घ्या. अर्ज भरायला सोबत हवी असेल, तर मंडळाच्या कार्यकारिणीतील कुणालाही हाक मारा. गोष्ट आपल्यातच राहील. आणि ज्यांनी तेराव्यापर्यंत डबे पोचवले, त्यांना एक विनंती : सहा महिन्यांनी पुन्हा एकदा त्या घरी जा आणि मुलाला विचारा, "पुढच्या टर्मची फी भरली का रे?"