लिहिलेली देवी

वारली घरात लग्न निघालं की देवीची मूर्ती आणत नाहीत, देवी भिंतीवर लिहितात. काढत नाहीत, लिहितात, शब्द त्यांचाच. शेण-गेरूने सारवलेला कारवीचा कूड, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सवाशिणी लग्नचौक लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि चौकाच्या मधोमध हात पसरून पालघट देवी उभी राहते. आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. घोड्यावरच्या पंचशिऱ्या देवाचा छोटा चौक वेगळा. पालघटीवाचून लग्न लागत नाही.

नावाची फोड करतात ती पाला आणि घट अशी: हिरव्या पाल्याने भरून वाहणारं मडकं. भात देणारी जमीन आणि मूल वाढवणारं पोट, दोन्ही त्या एका मडक्यात. (पालघर आणि पालघट ही नावं कानाला सख्खी वाटतात; पण कानाच्या भरवशावर व्युत्पत्ती सांगू नये.)

ग्रीकांची धान्यदेवी डिमीटर पालघटीची लांबची बहीण शोभेल. मुलगी पाताळात पळवली म्हणून रुसली आणि तिने धान्यच उगवू दिलं नाही. तिच्या एल्युसिस गावी, लोक ख्रिस्ती होऊन शतकं लोटली तरी, डोक्यावर करंडा घेतलेली एक संगमरवरी बाई शेणखताच्या ढिगात उभी होती. तिच्यामुळे पीक येतं, ही गावाची श्रद्धा. १८०१ साली एडवर्ड क्लार्क नावाच्या इंग्रजाने गावाचा विरोध असताना ती उचलून केंब्रिजला नेली. ती डिमीटर नव्हेच, देवळाच्या दारावरची खांबबाई, असं पुढे जाणकारांनी ठरवलं. शेतकऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

पालघटीला असं उचलून नेता येत नाही. पण रेघ उचलता येते. वारल्यांच्या मुलखातल्या तारापूरला १९६९ साली अणुवीज सुरू झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या गंजाडला कागद घेऊन पोचले. तिथल्या जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराच्या हातून शेत, मळणी, तारपा या वाद्याच्या तालावरचा फेर त्या कागदावर उतरला. २०११ साली म्हसे पद्मश्री झाले. त्यांची थोरवी वादापलीकडची. तरीही एक गोष्ट खटकते: भिंतीवर होती तोवर ही कला बायांची होती, कागदावर आली आणि नावं पुरुषांची झाली.

तारपा आता साड्यांवर, कपांवर नाचतो. लग्न उरकलेल्या घरात मात्र पालघट पुढच्या सारवणाखाली जाते, आणि धाकटीचं लग्न ठरलं की पुन्हा तांदूळ दळायला काढतात.