नारळाच्या दुधाचं कूळ

गव्हाचा चीक नारळाच्या दुधात साखर घालून आटवायचा. हात थांबला की गुठळ्या होतात, म्हणून सतत ढवळायचं. कडा सुटू लागल्या की थाळ्यात ओतून वर बदाम-पिस्ते पेरायचे. कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या घरांत रोश हशनाला, म्हणजे नववर्षाला, हा हलवा हवाच. पण त्यात म्हशीचं दूध का नाही?

अर्धं उत्तर कोकणातल्या माडांत आहे, उरलेलं ज्यूंच्या ‘तोरा’ या धर्मग्रंथात.

करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवायला तोरात तीनदा मनाई आहे, कारण मात्र एकदाही दिलेलं नाही. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ यांनी तर्क केला, की मूर्तिपूजकांच्या विधीत तसं शिजवत असावेत. धर्मपंडितांनी तीन उल्लेखांतून तीन बंधनं काढली: मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, त्यातून लाभही घ्यायचा नाही. मग कोंबडीचं काय? गालीलचे रब्बी योसे म्हणत, पक्ष्याच्या आईला दूधच नसतं. त्यांच्या गावात कोंबडी दुधात शिजतही असे. पण बहुमत विरुद्ध गेलं. पुढे भांडी वेगळी झाली, आणि मटणानंतर दुधासाठी अनेक समाजांत सहा तास थांबणं आलं. डच ज्यूंकडे एकच तास.

मुस्लिमांच्या हलालमध्येही ज्यू नियमांप्रमाणेच डुक्कर आणि रक्त वर्ज्य, गळ्यावर सुरी फिरवण्याची पद्धतही जवळची. पण मांसासोबत दूध-दही चालतं, म्हणून बिर्याणीचं मटण दह्यात मुरतं. चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार. मात्र तिथे कारण दिलं आहे: एक उष्ण, दुसरं शीत. माशांवर दूध प्यायल्यास कोड येतं, असं आपल्याकडे आजही बजावतात. एकीकडे प्रकृतीची काळजी, दुसरीकडे आज्ञेचं पालन. हा फरक मोलाचा आहे.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. परंपरा सांगते, की दावीद रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यूने ते ज्यू असल्याचं ओळखलं ते माशांवरून: बायकांनी ज्यू नियमाप्रमाणे पर आणि खवले असलेलेच मासे निवडले. मटणाच्या रश्शाला दाटपणा द्यायला परसातला नारळ होताच. मटणाच्या जेवणावर गोड हवं तेव्हाही तोच कामी आला. नियम टिकवण्यात या माडाचा वाटा मोठा आहे.

1948 नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. तिथल्या घरांतही रोश हशनाला चिकाचा हलवा होतो.